सफर : कॅमेरा घेऊन रानात जाण्याविषयी

‘सफारी’ हा शब्द आपल्याकडे साहेबाची टोपी घालून आला, म्हणून तो परका वाटतो. वस्तुतः तो आपल्या सोयऱ्यांतलाच आहे. अरबी भाषेत ‘सफर’ म्हणजे प्रवास. हाच शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला, आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन ‘सफर’ म्हणूनच राहिला. नैरोबीचा मनुष्य मोंबासाला बहिणीकडे चार दिवस निघाला, तरी तो सफारीलाच निघालेला असतो; त्यात सिंहाचा संबंध असायलाच पाहिजे असे नाही. पुढे गोरे शिकारी हमालांचे तांडे घेऊन हस्तिदंतासाठी नि कातड्यांसाठी रानात शिरू लागले, तेव्हा या साध्या शब्दाला बंदुकीच्या दारूचा वास लागला. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. आता तिकडे जाणारे लोक बंदुकीऐवजी कॅमेरा नेतात, आणि त्यांत अलीकडे मुंबई-पुण्याकडची, नागपूरकडची मराठी मंडळीही पुष्कळ असतात. गेल्या वर्षी त्यांत उमरखेडचा एक सेवानिवृत्त शिक्षक होता. तोच आज आपल्यापुढे बोलत आहे.

मी परत आलो तेव्हा आमच्याकडे दूध घालणारे एक गृहस्थ चित्रे पाहायला बसले. ते बंदीभागातले, म्हणजे पैनगंगेच्या रानातल्या गावचे. पंधरा-वीस चित्रे पाहून झाल्यावर ते म्हणाले, “गुरुजी, इतके पैशे खर्चून तुमी गवतच पाहून आले म्हना की!”

हे बोलणे मला प्रथम लागले. पण विचार करता ते खरे आहे असे दिसून आले. मसाई मारा आणि त्याला लागून असलेले टांझानियातील सेरेंगेटी ही मुळात गवताचीच राज्ये आहेत. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटरचे, मारा त्याच्या उत्तरेला सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचे. मधे फक्त दोन देशांची सीमा आहे, आणि ती जनावरांना ठाऊक नाही. आपल्याकडे ‘जंगल’ म्हटले की डोळ्यांपुढे झाडी येते. तेथे झाडे आहेत, पण विरळ. छत्रीसारखी पसरलेली काटेरी बाभूळवर्गी झाडे. आपली शेताच्या बांधावरची बाभूळ हीसुद्धा आफ्रिकेत आपोआप उगवणारी जात आहे; तिच्या शास्त्रीय नावातच नाईल नदीचे नाव आहे. सेरेंगेटीच्या आग्नेय भागात जुन्या ज्वालामुखींची राख बसून जमिनीखाली टणक थर झालेला आहे. तेथे झाडाचे मूळ खोल जाऊ शकत नाही, गवत मात्र उत्तम येते, आणि त्यात खनिजे भरपूर. म्हणून जानेवारी ते मार्च या काळात वाइल्डबीस्ट नावाची जनावरे तेथेच विण्यासाठी जमतात. तोंड गाईचे, दाढी बोकडाची आणि पाठ उतरती, असे हे जनावर दिसायला काही सुंदर नाही. पण त्यांची संख्या तेरा लाखांच्या आसपास आहे. गवत संपते तसे ती पाऊस जिकडे असेल तिकडे सरकत जातात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास मारा नदी ओलांडून केनियात शिरतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत फिरतात. त्यांच्या मागोमाग, पुढे आणि मधे झेब्रे असतात. सिंह, तरस, चित्ते आपापल्या जागी वाट पाहात असतात.

या तेरा लाखांची कथा आपल्या शेतकऱ्यांनी अवश्य ऐकावी अशी आहे. १८९० च्या सुमारास आफ्रिकेत बुळकांड्या रोग शिरला. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे नाव अजून आठवते. दावणीच्या दावणी रिकाम्या करणारा रोग तो. त्याने तेथील मसाई लोकांची गुरे तर मारलीच, पण रानातली वाइल्डबीस्ट आणि म्हशीही मारल्या. रोग गुरांतून रानात आणि रानातून गुरांत असा फिरत राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यास गुरांना लस टोचण्याची मोहीम झाली. टोचले ते फक्त गाई-बैलांना. रानातल्या एकाही जनावराला नव्हे. तरी रोग रानातूनही नाहीसा झाला. १९६१ साली जी वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या थोडी वर होती, ती सत्तरीच्या दशकाअखेर तेरा लाखांपर्यंत गेली. एवढी तोंडे गवत खाऊ लागल्यावर वाळके गवत कमी उरले, त्यामुळे वणवे कमी झाले, आणि वणवे कमी झाल्यामुळे झाडांची रोपे जगू लागली. गाईला टोचलेली सुई अशी झाडापर्यंत पोचते. हा रोग आपल्या देशातून आणि पुढे २०११ साली साऱ्या जगातून हटला.

आता प्रत्यक्ष सफरीविषयी.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, परंतु समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. त्यामुळे पहाटे स्वेटर लागतो, ही गोष्ट जाण्यापूर्वी मला कोणी सांगितली नव्हती. गाडी वरून उघडी होणारी असते. माणसाने गाडीतून खाली उतरायचे नाही हा पहिला नियम. सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि विषुववृत्तावर तो जवळजवळ सरळ वर चढतो. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत कोवळे ऊन बराच वेळ रेंगाळते. तेथे तासा-दीड तासात उन्हाची कोवळीक जाते. छायाचित्रकाराचा सगळा व्यवसाय या तासा-दीड तासाचा, आणि संध्याकाळी तितक्याच वेळाचा. दुपारी ऊन डोक्यावर आले की सिंहाचे डोळे भुवईच्या सावलीत बुडतात, आणि डोळे नसलेले चित्र म्हणजे नुसता पुरावा होय. म्हणून दुपारी शहाणी माणसे झोपतात. सिंह तर दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेलाच असतो.

यंत्राविषयी थोडेच सांगतो, कारण यंत्रे दर दोन वर्षांनी बदलतात. लांब पल्ल्याचे भिंग लागते. चारशे मिलिमीटरच्या खाली तेथे फारसे भागत नाही. पळणाऱ्या जनावरासाठी पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ उघडावा लागतो. तिवई गाडीत ठेवता येत नाही, म्हणून शिवलेली कापडी पिशवी न्यावी. ती रिकामी न्यावी आणि तेथे गेल्यावर तांदूळ किंवा शेंगा भरून घ्याव्यात, कारण नैरोबीहून माऱ्याकडे जाणाऱ्या लहान विमानात माणशी पंधरा किलोच सामान नेता येते. ही पिशवी गाडीच्या कडेवर टाकून तिच्यावर भिंग टेकवायचे. चालकाला यंत्र बंद करायला सांगायचे, नाहीतर गाडीची थरथर चित्रात उतरते. धूळ फार, उघड्यावर भिंग बदलू नये.

एक गोष्ट मात्र मला तेथे जाऊन कळली, आणि ती पुस्तकांत मी वाचली नव्हती. आपल्याला वाटते, जनावराच्या जितके जवळ जाऊ तितके चित्र चांगले. आमचा वाटाड्या मसाई होता. तिकडे वाटाड्यांच्या परीक्षा असतात, कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा पायऱ्यांच्या. हा रौप्य पदवीचा. पहिल्याच दिवशी एक सिंहीण वाटेच्या कडेला बसलेली होती. मी म्हणालो, आणखी जवळ घ्या. तो म्हणाला, जवळून तुम्ही तिच्या डोक्यावरून पाहाल, लांबून तिच्या डोळ्यांत पाहाल. हिशेब अगदी शाळकरी आहे. गाडीतला आपला डोळा जमिनीपासून अडीच मीटरवर, सिंहिणीचा एक मीटरवर. पाच मीटरवरून पाहिले तर नजर सतरा अंशांनी खाली झुकते. तीस मीटरवरून पाहिले तर तीनच अंश. पहिल्या चित्रात जनावर अंगणातल्या मांजरासारखे दिसते, दुसऱ्यात ते त्याच्या माळाचे मालक दिसते. माझी निम्मी जन्मभर गणित शिकवण्यात गेली, पण हा त्रिकोण मला एका मसाई माणसाने शिकवला.

हे अंतर केवळ चित्रासाठी नाही. माऱ्यात जनावरापासून किमान पंचवीस मीटर दूर राहावे, एका ठिकाणी पाचांहून अधिक गाड्या जमू नयेत, असे नियम लिहिलेले आहेत. ते नेहमी पाळले जातात असे नाही. नदीच्या काठावर वाइल्डबीस्ट उतरणार असे दिसले की तीस-चाळीस गाड्या धावत येतात. एकदा तर कळप उतरता उतरता गाड्यांना बुजून मागे फिरलेला मी पाहिला. सर्वांत नुकसान होते ते चित्त्याचे. तो दिवसा शिकार करतो, अंगाने सडपातळ, भांडणाला भित्रा. गाड्यांनी वेढला की त्याची शिकार हुकते, आणि गाड्या पाहून तरसांना कळते की येथे काहीतरी मिळण्यासारखे आहे.

चित्त्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. या प्राण्याला जगातील पुष्कळ भाषांनी आपल्याकडचेच नाव दिले आहे. कोल्हापूर संस्थानात चित्तेवान असत. पाळलेल्या चित्त्याकडून काळवीट धरवण्याचा खेळ तेथे चाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. १९५२ साली आपल्या देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणून सोडण्यात आले. म्हणजे राजाने आणले ते शिकारीसाठी, आणि सरकारने आणले ते शिकारीमुळे.

गर्दीचा दोष आफ्रिकेला देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ या दिवशी आपल्याच विदर्भात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात, एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या जिप्सींच्या मधे सापडले. त्याची चित्रफीत घरोघर पोचली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतः होऊन दखल घेतली. चालकांवर आणि वाटाड्यांवर कारवाई झाली. ती योग्यच होती. पण ‘थोडी आणखी पुढं घ्या हो, बक्षिशी देऊ’ हे वाक्य चालक बोलत नाही, मागे बसलेला आपल्यासारखा मनुष्य बोलतो. माऱ्यात पहिल्या दिवशी तो मीच होतो, हे वर सांगितलेच आहे.

कॅमेऱ्याने रान पाहण्याची विद्या आपल्या देशात नवी नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे एक वनाधिकारी संयुक्त प्रांतात होते. त्यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवण्याची युक्ती केली. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश चमके आणि वाघ आपले चित्र आपणच काढी. त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. आज वनखाते झाडांना जे आपोआप चालणारे कॅमेरे बांधते, त्यांचे मूळ तत्त्व हेच. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यावरून एकेक वाघ ओळखता येतो. २०२२ च्या अंदाजात देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले गेले ते मुख्यतः अशा चित्रांच्या आधारे. आफ्रिकेच्या बाजूला ग्रझिमेक पिता-पुत्रांचे नाव घ्यावे लागेल. झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या लहान विमानातून त्यांनी सेरेंगेटीवरची जनावरे मोजली. जानेवारी १९५९ मध्ये विमानावर गिधाड आदळले आणि मुलगा मायकेल त्या अपघातात गेला. त्यांच्या चित्रपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले. वडिलांनी काम पुढे चालू ठेवले.

खर्च आणि तयारी यांविषयी मला फार लोकांनी विचारले आहे, म्हणून थोडक्यात. माऱ्याचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला २०२४ पासून वर्षाच्या पहिल्या सहामाहीत दररोज १०० डॉलर आणि दुसऱ्या सहामाहीत २०० डॉलर असे ठरले. राहणे, गाडी, विमान हे निराळे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी आणि तिचा दाखला जपावा. तो नसला तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून वेगळे ठेवतात. प्लास्टिकच्या पिशव्यांना केनियात २०१७ पासून बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यात न्यावेत. गट लहान पाहावा, एका गाडीत चारांहून अधिक माणसे असू नयेत. माऱ्याच्या भोवती मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत; त्या एकत्र करून राखीव कुरणे केलेली आहेत, आणि पाहुण्यांच्या पैशांतून त्या कुटुंबांना जमिनीचे भाडे मिळते. तेथे गाड्या कमी असतात. गुरे चारण्यावर मात्र निर्बंध येतात, आणि त्याबद्दल सर्वच मसाई समाधानी आहेत असे समजू नये. आमच्या वाटाड्याच्या वडिलांच्या तीन गाई सिंहांनी खाल्ल्या होत्या. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी आम्हाला सिंह दाखवायला नेत होता.

शेवटच्या संध्याकाळी त्याने मला एक प्रश्न विचारला. तुमच्याकडे वाघ आहे म्हणतात. पण एवढ्या झाडीत तो तुम्हाला दिसतो कसा? मी सांगू लागलो. वानराचा खकारा, चितळाची शीळ, सांबराची खणखणीत हाक. वैशाखात साग निष्पर्ण होतो तेव्हा रान आरपार दिसते. पाणवठे आटले की जनावर उरलेल्या पाण्यावर येते. बोलता बोलता माझ्या लक्षात आले, की हे सर्व मी वाचलेले आहे. टिपेश्वर आपल्याच जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ, १४८ चौरस किलोमीटरचे. तेथे मी एकदाही गेलो नव्हतो. पैनगंगा अभयारण्य तर आपल्या तालुक्यात, तिन्ही बाजूंनी नदीने वेढलेले, ३२४ चौरस किलोमीटरचे. तेथे मी सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलो होतो, आणि सर्व वेळ मुले मोजण्यात गेला होता.

टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी गळ्यात रेडिओपट्टा घेऊन निघाला. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक जिल्हे आणि तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख तुडवीत तो वर्षअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्ट्याच्या नोंदीप्रमाणे त्याची चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. वाइल्डबीस्टच्या वाटा पाहायला जग माऱ्याला जाते. हा मनुष्यवस्तीतून, कपाशीच्या नि तुरीच्या शेतांतून, कुणाला इजा करण्याच्या हेतूने नव्हे तर जागेच्या शोधात, आपल्या बाजूने निघून गेला, आणि आपण ते वर्तमानपत्रात वाचले. त्याच्या आधीच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ एका वाघिणीला गोळी घालण्यात आली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. शहरांतून तिच्यासाठी मोर्चे निघाले, आणि त्या गावांत लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन्ही बाजूंची माणसे खोटी नव्हती. जिला सरपणासाठी रानात जायचे असते तिच्या दृष्टीने वाघ हे चित्र नसते.

चैत्र संपता संपता मी वनखात्याची रीतसर परवानगी काढून खरबीच्या बाजूला एका पाणवठ्यावर वनरक्षकांबरोबर दोन दिवस बसलो. येथे गवताचा समुद्र नाही. सागाची वाळकी पाने पायाखाली पापडासारखी वाजतात, म्हणून हलायचे नाही. ऊन फांद्यांतून तुकड्या-तुकड्यांनी पडते. उजेडाचा तुकडा आणि सावलीचा तुकडा यांत इतका फरक, की कॅमेऱ्याला एक साधले तर दुसरे बिघडते. माऱ्यातल्या सवयीप्रमाणे काढलेली माझी पहिली चाळीस चित्रे वाया गेली. येथे संपूर्ण जनावर सावलीत येईपर्यंत थांबावे लागते आणि मागची झाडी धूसर होईल इतकी जागा सोडावी लागते. पहिल्या दिवशी मोर आणि रानडुकरे. दुसऱ्या दिवशी साडेपाचला एक रोही आला. मोठा, निळसर करडा नर. पाण्याकडे यायला त्याने पंचवीस मिनिटे घेतली. प्रत्येक पावलाला थांबून वारा हुंगत होता. पाणी प्यायला मान खाली घातली आणि वर केली, तेव्हा हनुवटीवरून पाणी गळत होते नि मागून उतरते ऊन येत होते.

ते चित्र मी मोठे करून बैठकीत लावले आहे. दूध घालणारे गृहस्थ ते पुष्कळ वेळ पाहात उभे राहिले. मग जवळ जाऊन शिंगाकडे बोट दाखवून म्हणाले, “गुरुजी, याचं डावं शिंग मोडलेलं हाये, पाहा. हाच थो. यानंच माहा हरभरा खाल्ला.”